ओट्यावरून दिसणारा रस्ता

एसटीत मी एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली बहुतेक इंदापूर-बारामती ह्याच रस्त्यावर. त्या नोकरीत मला एका गोष्टीचा फार गर्व झाला. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नसे. सणसरला चढलेला माणूस गर्दीत मान खाली घालून उभा राहिला, तरी मी लांबून आवाज टाकायचो, "ओ पाव्हणं, तुमचं तिकीट ऱ्हायलं." गाडीतले लोक हसायचे आणि माझी छाती फुगायची. बायको मात्र म्हणायची, "तुमच्या ध्यानात तोंडं राहतात, माणसं नाही राहत." मी ते हसण्यावारी नेत असे.

तिचा माझ्यावर आणखी एक आरोप होता. निवृत्त झाल्यावर मी दुपारी घरापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो. बसल्या बसल्या मान छातीवर यायची. ती आतून म्हणायची, "झोपायचंय तर आत जाऊन झोपा ना." मी म्हणायचो, "झोपलो नाही, डोळे मिटून बसलोय." "मग घोरत कोण होतं? खुर्ची?" हे आमचं रोजचं भांडण. मी एकदाही कबूल केलं नाही. कंडक्टरला कुणी झोपाळू म्हणणं मला शिवीसारखं लागायचं, आणि ती तर मुद्दाम म्हणायची.

ती गेली आणि हे भांडण संपलं. मुलगा पुण्यात, सून पुण्यात, फोन रविवारी. मी सणसरच्या शिवारात वस्तीवर एकटा राहिलो. घर रस्त्यापासून आत आहे. मधे आमचं दीड एकराचं रान, ते भाऊबंद वाट्यानं करतात. रानाच्या बांधावरून एक पायवाट रस्त्याला मिळते. चार-पाच एसट्या एकामागं एक उभ्या केल्या तर जेवढं होईल, तेवढं ते अंतर असेल.

त्या काळात माझ्याकडं रोज येणारा माणूस एकच होता. रस्त्याच्या पलीकडं, थोडं खालच्या अंगाला त्याचं घर. त्याच्या बापाच्या वेळेपर्यंत त्यांच्याकडं मेंढरांचा मोठा कळप होता, पावसाळा सरला की तो घेऊन ते कोकणात उतरायचे. आता दोन एकर बागायत आणि हौसेची चार-पाच मेंढरं एवढंच. वयानं माझ्याएवढाच, पण सगळे त्याला आबा म्हणत, म्हणून मीही. तो मला मास्तर म्हणे. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात.

दुपारी चारला आबा यायचे. मोटरसायकल रस्त्याला लावायचे, बांधावरून चालत यायचे, ओट्याच्या कडेला बसायचे. चहा मी करायचो, बोलायचोही मीच. कुठल्या घाटात गाडी बंद पडली, कोणत्या प्रवाशाला कसं पकडलं. तेच ते किस्से. आबा ऐकून घ्यायचे, मधेच "व्हय?" म्हणायचे, कप विसळून पालथा घालायचे आणि जायचे. बायको गेल्यावरची चार वर्षं मी त्या अर्ध्या तासावर काढली, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. त्या चार वर्षांत मी त्यांच्या घरी चहाला एकदाही गेलो नाही. त्यांनी यायचं आणि मी बसून असायचं, असंच पडलं होतं.

मग ती चंपाषष्ठी आली.

दर चंपाषष्ठीला आबा सकाळी खंडोबाला जाऊन यायचे आणि चारला येताना माझ्यासाठी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा आणायचे. त्या दिवशी ते आले नाहीत. मी चहा करून ठेवला होता, तो गार झाला. संध्याकाळी कळलं, की वरच्या अंगाचा एक शेतकरी कालव्याच्या चारीवर पडला, डोकं फुटलं, त्याला पुण्याला हलवलंय. चारीच्या कडेला शेवाळ होतं, सगळे म्हणाले पाय घसरला. आबा दुसऱ्या दिवशी आले ते डोकं दुखतंय म्हणून लवकर गेले. भरिताचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

संक्रांत झाली. माघ आला. त्या शेतकऱ्याला नीट बोलता येऊ लागलं तेव्हा तो म्हणाला, पाय घसरला नव्हता. चारीचं दार उघडायला वाकलो होतो, मागून कुणीतरी डोक्यात काठी घातली. कोण ते पाहिलं नाही. त्याचा एक कान कायमचा गेला. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि आबांचं चांगलंच वाजलं होतं, हे सगळ्या शिवाराला माहीत होतं.

पोलीस आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरी आले, तसे माझ्याकडंही आले. बसायला खुर्ची दिली. साहेब म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी चारच्या सुमारास चारीकडून कुणी येताना दिसलं का?"

मी डोळे मिटले आणि मला दिसलं. आबा चारीच्या बाजूनं मोटरसायकलवर येतायत, अंगात पांढरा सदरा, डोक्याला पांढरा पटका, मान खाली, आणि रोजच्यासारखे थांबत नाहीत, सरळ पुढं जातायत. मी तसं सांगितलं. मित्र असला म्हणून काय झालं, खरं ते खरं, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझं थोडं कौतुकही वाटलं.

साहेबांनी विचारलं, "कुठून पाहिलं?" मी म्हणालो, "इथूनच, ह्या खुर्चीतून." त्यांनी माझ्या खुर्चीत बसून पाहिलं. समोर रस्ता स्वच्छ दिसत होता, येणारीजाणारी माणसं ओळखू येत होती. त्यांनी कागदावर नकाशा काढला. घर, ओटा, रान, रस्ता. मी खाली सही केली.

आबांना नेलं. दीड-दोन महिन्यांनी ते जामिनावर सुटून आले. जामिनाची अट अशी, की साक्षीदारांशी बोलायचं नाही, त्यांच्या जवळपास फिरकायचं नाही. साक्षीदार मी. म्हणजे रस्त्याच्या अलीकडं मी आणि पलीकडं ते, आणि मधे कोर्टाचा हुकूम. सोसायटीच्या दुकानात मी दिसलो की ते पिशवी तिथंच ठेवून बाहेर निघून जायचे. चार वाजता मोटरसायकल माझ्या बांधापुढून जायची. मी त्या आवाजाची वाट बघायचो आणि ती गेली की चिडायचो. कुणावर, ते सांगता येत नाही.

दोन वर्षं अशी गेली. ह्या दोन वर्षांत मी ती गोष्ट किती जणांना सांगितली असेल! भावाला, मुलाला फोनवर, न्हाव्याला, लग्नात भेटलेल्या जुन्या ड्रायव्हरला. दर वेळी ती थोडी अधिक नीट होत गेली. पहिल्यांदा आबा नुसते चालले होते, नंतर ते घाईत होते, नंतर त्यांनी माझ्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी काही जोडतोय असं मला एकदाही वाटलं नाही. मला तसं दिसतच होतं.

बारामतीच्या कोर्टात माझी साक्ष झाली तेव्हा मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. आबांच्या वकिलांनी चष्म्याचा नंबर विचारला, अंतर विचारलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती का विचारलं. मी एकालाही दाद दिली नाही. "साहेब, एकतीस वर्षं मी चेहरे ओळखलेत," असं म्हणालो तेव्हा मागे बाकावर कुणीतरी मान डोलावली. आबा आरोपीच्या जागी उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

माझी साक्ष झाल्यावर मला तिथं बसायला मोकळीक होती. पुढच्या एका तारखेला मी काही काम नसताना गेलो. खरं सांगायचं तर घरी बसून तरी काय करणार होतो. त्या दिवशी आबांच्या वकिलांनी एका बाईंना बोलावलं होतं. तिशी-पस्तिशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मानसशास्त्र शिकवायच्या. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की इथं वेडाचा प्रश्न नाही, ह्या बाईंचं काय काम? न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, ऐकून घेऊ, किती वजन द्यायचं ते मी ठरवीन.

बाई आवाज न चढवता बोलल्या. सुरुवातीलाच म्हणाल्या, "साक्षीदारांशी मी बोललेले नाही. ते खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही." मी मान खाली घातली, कारण बोलणं माझ्याबद्दल होतं आणि मी चार हातांवर बसलो होतो. त्या म्हणाल्या, आठवण काढतो तेव्हा माणूस पेटीतून वस्तू काढत नाही, दर वेळी ती नव्यानं जुळवतो. जिथं गाळलेलं असतं तिथं रोजचं पाहिलेलं भरतो. नंतर पाहिलेलंही आधीच्यात मिसळतं. आणि हे सगळं त्याच्या नकळत होतं. खात्रीनं सांगितलं म्हणून ते बरोबर असेलच असं नाही.

सरकारी वकील हसून म्हणाले, "म्हणजे तुमच्या शास्त्राप्रमाणे आम्ही सगळे खोटारडे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळे प्रामाणिक. अडचण तीच आहे."

न्यायाधीशांनी विचारलं, "मग साक्षीदाराला विचारायचं तरी कसं?" बाई म्हणाल्या, "काय दिसलं हे लगेच विचारू नये. आधी त्याला त्या दिवशी नेऊन बसवावं. कोणता दिवस होता, हातात काय होतं, काय ऐकू येत होतं, वास कशाचा होता. मग त्याला सावकाश बोलू द्यावं. एवढं करूनही चूक राहू शकते. पण निदान रोजचा दिवस आणि तो दिवस वेगळे व्हायला जागा मिळते."

परतीच्या एसटीत मी नुसता धुमसत होतो. कालची पोर मला शिकवणार माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं ते! कंडक्टर ओळखीचा होता, तो गप्पा मारायला आला, त्यालाही मी तोडून बोललो. घरी आलो, हातपाय धुतले, चहा केला आणि खुर्ची ओट्यावर टाकली. म्हटलं, बघूच ह्या बाईंचं शास्त्र. त्यांनी सांगितलं तसंच करतो आणि त्यांनाच खोटं पाडतो.

कोणता दिवस? चंपाषष्ठी, त्यात वाद नाही. वास कशाचा? सकाळी चुलत्यांच्या घरून आलेल्या भरिताचा, हाताला लसणाचा वास राहिला होता. मी वाट कशाची बघत होतो? आबांच्या घरच्या भरिताची, कारण त्यांच्यात वांगी चुलीत भाजतात. आबा कसे दिसत असतील? सकाळी खंडोबाला जाऊन आलेले. म्हणजे कपाळ पिवळं, पटका पिवळा, सदऱ्यावर भंडारा सांडलेला. दर वर्षी असेच यायचे, माझ्या ओट्यावर पिवळे डाग पडायचे, आणि बायको असताना ती ते दुसऱ्या दिवशीपर्यंत पुसू द्यायची नाही.

मला दिसणाऱ्या आबांचा पटका पांढरा होता.

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, असेल, धुतला असेल. पण चंपाषष्ठीचा भंडारा त्याच दिवशी झटकणारा माणूस तो नव्हे. मी पुन्हा डोळे मिटले. ऐकू काय येत होतं? सळसळ. वाऱ्याची एकसारखी सळसळ येत होती, आणि मी मान वर करून बघत होतो. खाली रस्त्याकडं नाही, वर. उसाला तुरे आले होते. पांढरे तुरे उन्हात हलत होते आणि मला वाटलं होतं, ही असती तर म्हणाली असती, तोडायला उशीर केला तुमच्या भावांनी.

ऊस. माझ्या आणि रस्त्याच्या मधे दीड एकर उभा ऊस होता. माणसाच्या दुप्पट उंच.

मी बोटं मोजायला लागलो. तोडणीची टोळी आमच्या रानात संक्रांतीनंतर आली. मला पक्कं आठवतं, कारण उरलेला तिळगूळ मी त्या बायकांना वाटला होता, आणि त्यातली एक म्हणाली होती, "बाबा, गोड बोला म्हना की." चंपाषष्ठी मार्गशीर्षातली. पोलीस आले माघात. ते माझ्या खुर्चीत बसले तेव्हा ऊस जाऊन रान उघडं पडलेलं, नुसता फुटवा वीतभर. लवकरच तोही मोडून भावांनी कांदा केला, मग हरभरा. रान उघडं पडल्यापासून मी ह्या खुर्चीतून रोज रस्ता पाहिला, रोज आबांना पांढऱ्या पटक्यात येताजाताना पाहिलं, आणि तेच उचलून त्या दिवशी नेऊन ठेवलं. काठीचा पंचनामा झाला होता, चारीचा झाला होता. माझ्या डोक्यातल्या रानात ऊस होता की कांदा, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी उठून बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि ऐकायला कुणी नसल्यामुळं रडलोही. ज्या एका माणसानं मला चार वर्षं सोबत दिली, त्याला मी न पाहिलेल्या गोष्टीवरून तुरुंगात घातलं होतं आणि आता कायमचा घालायला निघालो होतो.

सरकारी वकिलांना भेटलो. ते म्हणाले, "मास्तर, शपथेवर सांगितलंय तुम्ही. आता फिरलात तर लोक म्हणतील दबाव आला. तुमच्यावर बालंट येईल. घरी जा, विश्रांती घ्या." मी मग माझ्या हातानं अर्ज लिहिला आणि कोर्टात दिला. आबांच्या वकिलांनीही मला परत बोलवावं म्हणून मागणी केली. तारीख पडली.

ह्या वेळी इस्त्री केली नाही. पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी मला आडवं-उभं घेतलं, किती वेळा फिरणार, कुणी काय द्यायचं कबूल केलं, आरोपी तुमचा मित्र ना? मी म्हणालो, "होता." शेवटी न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ मला विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

"ऊस पाहिला, साहेब," मी म्हणालो. "उसाचे तुरे."

"आरोपीला पाहिलं?"

"नाही."

"मोटरसायकल ऐकली?"

मला वाटत होतं ऐकली. पण ती मी रोजच ऐकत होतो. "सांगता येत नाही," मी म्हणालो. एकतीस वर्षांत मी हे वाक्य कुणापुढं उच्चारलं नव्हतं.

आबा सुटले. संशयाचा फायदा, असं निकालात होतं. ज्याचा कान गेला तो शेतकरी निकालाच्या दिवशी माझ्यासमोर आला आणि नुसता बघून गेला. त्याला कुणी मारलं ते आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या घरच्यांच्या लेखी मी विकला गेलो, आबांच्या भावकीच्या लेखी मी आधीचाच सापडलेला खोटारडा. लग्नाच्या पत्रिका यायच्या थांबल्या. ह्यात मला तक्रारीला जागा नव्हती.

मला मात्र एक वेडी आशा होती. जामिनाची अट आता उरली नव्हती. चार वाजता मी चहाचं आधण ठेवायचो. मोटरसायकल यायची, आणि तशीच पुढं जायची. असे तीन आठवडे गेले. मग मीच चप्पल घातली, बांधावरून रस्त्याला आलो आणि रस्ता ओलांडला. फार तर शंभर-सव्वाशे पावलं. तेवढी चालायला मला सहा-सात वर्षं लागली होती.

आबा दाराशी लिंबाखाली बसले होते, टकळीवर लोकर कातत. मला पाहून हात थांबवला नाही. "या मास्तर," म्हणाले. बसा म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो.

"आबा, माझं चुकलं."

"कोर्टात सांगितलं की तुमी. आयकलं मी."

टकळी फिरत होती. मेंढरं पलीकडं कुंपणाशी दाटून उभी होती. मग तेच म्हणाले, "पोलिसांनी इचारलं, तू मारलंस का. वकिलानं इचारलं. तुरुंगात बाजूला झोपायचा, त्यानंबी इचारलं. माझ्या लेकीनं सुदीक एकदा इचारलं. तुमी तेवढं न्हाय इचारलं. तुमी थेट सांगितलंच."

हे खरं होतं. ऊस होता का नव्हता हे मी शोधून काढलं, महिने मोजले, अर्ज लिहिला. ज्याला विचारायचं त्याला विचारलं नव्हतं. मी विचारलं, "आबा, त्या दिवशी चारला तुम्ही कुठं होता?"

"आता इचारताय व्हय?" ते म्हणाले. रागानं नाही. सूत गुंडाळून त्यांनी टकळी मांडीवर ठेवली. "तुमच्याकडंच आल्तो. भरीत-रोडगा घिऊन. गाडी रस्त्याला लावली, बांधावरनं आत आलो. तुमी खुर्चीत हुता, मान छातीवर. दोन बारीक हाका मारल्या. तुमी गाढ. बाई गेल्यापास्नं झोप लागत न्हाय म्हनून तुमीच सांगायचा. म्हनलं, लागलीय तर झोपू द्यावं. डबा हितं ठेवला तर मांजर उलथंल म्हनून माघारी नेला. झालं."

"हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलं?"

"वकील म्हनला, तिकडं गेलोच न्हाय म्हनायचं. गेलो म्हनलं की तुमचं खरं हुतंय." मग म्हणाले, "आन सांगितलं असतं, मास्तर झोपलं हुतं म्हनून, तर तुमी मानलं असतं का?"

बायकोनं आयुष्यभर तेच सांगितलं होतं आणि तिचंही मी मानलं नव्हतं. चहा करून ठेवला होता आणि तो गार झाला होता, एवढंच माझ्या हाती आहे. जागा माणूस चहा गार कशाला होऊ देईल? पण मी झोपलो होतो असं मला आठवत नाही, कुणालाच आठवत नसतं. कोर्टातल्या त्या बाईंना विचारलं तर त्याही म्हणतील, ह्याचा निवाडा होणार नाही. मी आबांवर विश्वास ठेवला. आठवलं म्हणून नव्हे. ह्या खेपेला विचारलं होतं म्हणून.

त्यांनी चहा विचारला नाही, मीही थांबलो नाही. निघताना म्हणालो, "चारला या कधी." ते "बघू" म्हणाले आणि टकळी पुन्हा फिरवू लागले.

ह्या साली भावांनी पुन्हा ऊस केलाय. रस्ता दिसत नाही. चारला मोटरसायकल येते, ती कुणाची हे मी आता ठरवत नाही. कधी कधी ती बांधापाशी मंद झाल्यासारखी वाटते, मग पुढं जाते. दुपारी डोळ्यांवर झापड येते, वयच आहे. पण चारच्या सुमारास मी तोंडावर पाणी मारतो, खुर्चीची पाठ सोडून ताठ बसतो आणि डोळे उघडे ठेवतो. कुणी बांधावरून आत आलं, तर मी झोपलोय असं समजून माघारी जाऊ नये.